छोट्या लाईनच्या डिझेल गाडीचा हा जुना फोटो कधीचा असेल? (नागपूर-उमरेड-नागभीड)

इतवारी_ते_उमरेड

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात घरी रंगकाम काढलं तं बाबांच्या कपाटावरून एक अल्बम निघाला, तो चिकट पानांचा, वरून प्लास्टिकचा कागद असते तो. त्यात एक फोटो आहे आई-बाबांचा, छोट्या गाडीसमोर काढलेला. बाबा उमरेडच्या कोळसा खाणीत होते अन् कितीतरी वर्षं नागपूरहून याच गाडीनं अपडाऊन करत, त्यामुळे आमच्या घरी या फोटोला "उमरेडचा फोटो" असंच म्हणतात. बाबा दोन वर्षांआधी गेले, नाहीतर त्यांनाच विचारलं असतं.

फोटोत काय आहे ते सांगते. रंग पार तांबूस झालेत. डाव्या बाजूला डिझेल इंजिनाचं लांब नाक, त्याला लागून निळसर रंगाचा एक डबा. बाबा पांढऱ्या बुशशर्टात, हातात वायरची थैली. आईच्या कडेवर दादा, डोक्यावर निळं विणलेलं टोपडं. उजव्या कडेला स्टेशनच्या पाटीचा शेवट तेवढा आलाय, 'ड' दिसतो अन् खाली इंग्रजीचं एक अर्धं अक्षर. डब्यावर पण काहीतरी लिहिलंय, पण प्लास्टिकमधून वाचता नाही येत. मागे काहीतरी तपकिरी उंच दिसते, गोदाम असावं.

दादा ९० चा आहे, म्हणजे फोटो त्या वर्षीच्या दिवाळीचा असं आम्ही धरून चाललोय. त्याला या फोटोची मोठी प्रिंट काढून द्यायची आहे (त्याचा व्हॉट्सॲप डीपी पण हाच आहे कितीतरी वर्षांपासून), अन् खाली गाव, वर्ष आणि इंजिनाचं नाव टाकायचं आहे. तर १) हे इंजिन कोणतं? २) वर्ष बरोबर आहे का? ३) फोटो पानाला असा चिकटलाय की ओढला तं फाटेल. कसा काढू?

वऱ्हाडी_बंडू

अरे वा, शकुंतला! यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर. आमच्या आजोळची गाडी. आधी वाफेचं इंजिन होतं, १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, ते ९४ पर्यंत चाललं अन् मग डिझेल लागलं. म्हणजे तुमचा फोटो ९४ नंतरचा. डिझेल आलं तेव्हा गावातले म्हातारे म्हणे गाडीचा आवाजच गेला आता, नुसती ट्रकसारखी घरघर.

मोतीबाग_शेड

बंडूभाऊ, शकुंतला नाही हो ही. ताईंनी वर लिहिलंय बाबा नागपूर-उमरेड जायचे म्हणून. दोन्ही लाईनी अडीच फुटी, दोन्हीकडे झेडडीएम इंजिनं धावली, त्यामुळे फोटोत सारख्या दिसतात. पण शकुंतला मध्य रेल्वेकडे अन् नागपूरच्या छोट्या लाईनी तेव्हा दक्षिण पूर्व रेल्वेकडे. डब्यावरची अक्षरं वाचता आली की लगेच कळेल.

माझे वडील नागपूरला मोतीबागच्या इंजिन शेडमधे फिटर होते, त्यामुळे या इंजिनांच्या डिझेलच्या वासात मोठा झालो म्हटलं तरी चालेल. ताई, झेड म्हणजे अडीच फुटी रूळ, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिक्स्ड, मालगाडीला पण लावा अन् पॅसेंजरला पण. (माथेरानचं इंजिन एन नं सुरू होते कारण तिथे रूळ दोन फुटी.) लांब नाकाचं म्हणता तर झेडडीएम-३ किंवा ४ए असेल, दोन्ही चित्तरंजनला बनलेली. आता फरक कसा ओळखायचा, तर खाली चाकं पाहा. तीन मधे दोन बोगी (म्हणजे इंजिनाखालचे चाकांचे गाडे), चार चार चाकं, बस. ४ए मधे दोन्ही टोकांना एकेक जास्तीची जोडी असते, लहान चाकांची, ती इंजिन ओढत नाही, नुसतं वजन वाटून घेते, कारण या लाईनींचे रूळ हलके, एका धुरीवर फार वजन चालत नव्हतं. वडील त्या चाकांना "बिनपगारी" म्हणायचे, नुसतं सोबत फिरतात म्हणून.

आणि दोन्हीत ट्रान्समिशन हायड्रॉलिक. म्हणजे मोठ्या लाईनच्या डिझेलसारखं आत जनरेटर आणि चाकांवर मोटरी असं नाही, तेलाच्या जोरावर ताकद चाकापर्यंत जाते. म्हणून सुटताना आवाज कसा यायचा, आधी इंजिन नुसतंच चढत जायचं, गाडी जागची हलायची नाही, प्रवासी म्हणत आज नाही निघत वाटते, आणि मग एकदम डब्याला हिसका.

तुम्ही मला तीन गोष्टी सांगा. डब्यावर नेमकी कोणती अक्षरं आहेत, पाटीवरचं इंग्रजी अक्षर कोणतं आहे, आणि ते मागचं तपकिरी उंच खरंच गोदाम आहे का. डब्याच्या रंगावरून वर्ष ठरवू नका, आणि फोटोचाच रंग उडालेला असला तर अजिबातच नाही.

फिकट_निगेटिव्ह

फोटो काढायचं मी सांगतो, माझं अर्धं आयुष्य हेच करण्यात गेलं. ओढू नका, चाकू घालू नका, पाण्यात तर मुळीच नाही. दातात घालायचा फ्लॉस मिळतो ना मेडिकलमधे, तो हातभर घ्या, फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू इकडून तिकडे करत पुढे न्या, फोटो सपाटच राहू द्या, वाकवायचा नाही. फारच चिकटला असेल तर पानाच्या मागून हेअर ड्रायर अगदी मंद, दुरून, दहा-पंधरा सेकंद. नाहीच निघाला तर अख्खं पान कापून स्कॅन करा, फोटो फाटण्यापेक्षा ते बरं.

स्कॅन निदान ६०० डीपीआय. मोबाईलनी फोटोचा फोटो काढून टाकू नका, वरच्या चकाकीत अक्षरं जातात. आणि हात जोडून सांगतो, स्कॅन झाल्या झाल्या ते एआयवालं "फोटो नवा करा" ॲप लावू नका. मी एकदा एका स्टेशनच्या फोटोला लावलं तर चेहरे छान गुळगुळीत झाले आणि पाटीवर अशी अक्षरं उमटली जी जगातल्या कुठल्याच लिपीत नाहीत. तुम्हाला नेमकी अक्षरंच वाचायची आहेत. मूळ स्कॅन वेगळा ठेवा, मग कॉपीवर काय हवे ते खेळ करा.

माझ्या स्वतःच्या घरच्या निगेटिव्ह एका स्टुडिओनी "दुकान हलवताना गहाळ झाल्या" म्हणून हात वर केले होते, तेव्हापासून दुसऱ्यांच्या फोटोंचीच काळजी करत बसतो.

अपडाऊन_मास्तर

उमरेड नाव वाचलं अन् राहवलं नाही. मी कुहीकडे शाळेवर होतो, अकरा वर्षं इतवारीहून सकाळची गाडी धरली, आता त्या स्टेशनचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी झालंय पण आमच्या तोंडी इतवारीच. आमचा एक डबा ठरलेला होता, मास्तर, ग्रामसेवक, ब्यांकेतले दोघं, खाणीतली फर्स्ट शिफ्टवाली मंडळी, ज्याची त्याची जागा फिक्स, नवखा माणूस बसला तं कोणी उठ म्हणायचं नाही पण सगळे त्याच्याकडे असे पाहायचे की तो आपोआप सरकायचा. समोरासमोरच्या बाकांवर बसलो की गुडघ्याला गुडघा लागे, त्यावर टॉवेल टाकला की झाला पत्त्याचा टेबल, अन् गाडी इतकी हलायची की पत्ते वाटणाऱ्याला हात डब्याच्या तालात चालवावा लागे.

वेगाचं काय सांगू. चढावर एखादा उतरून शेतातली बोरं तोडून परत चढला असं सगळेच सांगतात, मी स्वतः नाही पाहिलं, पण एका पोट्ट्याची चप्पल पडली अन् तो उतरून घेऊन मागच्या डब्यात चढला हे डोळ्यानं पाहिलं. पूर्ण नागभीडपर्यंत शंभरावर किलोमीटर, तेवढ्याला चार-साडेचार तास सहज जायचे. यष्टी लवकर पोचायची पण भाडं दुपटीच्या वर, अन् यष्टीत भाजीचे गाठोडे अन् दुधाचे कॅन कोण घेऊ देते?

सगळ्यात आठवते ती भिवापूरकडची मिरची. हंगामात परतीच्या गाडीत पोते चढले की डबा बंद खोलीसारखा होत होता. पहिले एक जण शिंकायचा, मग समोरचा, मग सगळा डबा, अन् पत्ते खेळणारे नाकाला रुमाल बांधून खेळत, दरोडेखोर बसल्यासारखे. एकदा टीसी आला, दारातच शिंकला तीनदा अन् तिकीट न पाहताच पुढच्या डब्यात गेला. त्या दिवशी ज्याच्याकडे पास नव्हता त्यानं मिरचीवाल्या बाईला चहा पाजला.

२०१९ च्या नोव्हेंबरात ती लाईन ब्रॉडगेजसाठी बंद झाली. मी तेव्हा रिटायर होऊन बसलो होतो, तरी शेवटच्या दिवसांत जाऊन आलो. फोटो काढणारे इतके की बसायला जागा नाही, अन् आमच्या डब्यातलं कोणीच नाही.

ताई, तुमचे बाबा फर्स्ट शिफ्टला असतील तं आम्ही एकाच गाडीत बसलो असू. वायरची थैली तं तेव्हा सगळ्यांकडेच होती म्हणा.

कुर्डुवाडीकर

आमची बार्शी लाईट पण अडीच फुटीच बरं का. १८९७ ला सुरू झाली, पुढं इकडं लातूर आणि तिकडं मिरजेपर्यंत गेली. डिझेलच्या काळात पण आषाढीला कुर्डुवाडी-पंढरपूर गाडी दिसायचीच न्हाई, नुसती माणसं सरकताना दिसायची, टपावर, दारात, दोन डब्यांच्या मधी. आमच्याकडं त्या गर्दीचा एकही फोटो नाही कारण कॅमेरा धरायला हात मोकळा ठेवणार कोण. तुमचा धागा वाचून घरी शोधलं तर फक्त आज्जीचं एक पुठ्ठ्याचं तिकीट सापडलं. चालू द्या.

इतवारी_ते_उमरेड

सगळ्यांचे खूप आभार. मास्तर, तुमचं आईला वाचून दाखवलं, ती हसून हसून लोटपोट. म्हणे बाबा पण उन्हाळ्यात मिरचीच्या दिवसांत घरी आले की पहिले अंगणात शर्ट झटकायचे.

फ्लॉसनी फोटो निघाला! पाऊण तास लागला, एका कोपऱ्याचा कागद थोडा सोलला पण चित्राला काही झालं नाही. मागे काहीच लिहिलेलं नाही. एका ओळखीच्याकडे १२०० वर स्कॅन केला (६०० वर पण केला). आता पहा:

डब्यावर हिंदीत 'द पू रे' आहे, त्याच्यापुढे आकडे, त्यातले शेवटचे दोन बाबांच्या डोक्यामागे गेले. पाटीवरचं इंग्रजी अक्षर मोठं करून पाहिलं, मला तं ते आर वाटते. दादा म्हणतो डी आहे, रंग उडाल्यामुळे तसं दिसते. इंजिनाच्या खाली पुढच्या टोकाला एक लहान चाक वेगळं दिसते, म्हणजे मोतीबागभाऊंचं बिनपगारी! अन् ते मागचं तपकिरी गोदाम नाही, मालगाडीचा डबा आहे, दार अन् कड्या स्पष्ट दिसतात. छोट्या डब्याच्या छपराच्या पण वर निघालाय तो.

मोतीबाग_शेड

ताई, बसून वाचा.

चाकावरून इंजिन झेडडीएम-४ए, ते पक्कं. पुढचं जरा वेगळं निघतंय.

पहिलं म्हणजे पाटी. उमरेड इंग्रजीत लिहिताना शेवटी डी येतो. तुम्हाला आर दिसतो आणि वर ड दिसतो, तर ते नागभीड. आपण नागभीड म्हणतो, पण रेल्वे इंग्रजीत नागभीर असं लिहिते, शेवटी आर. हिंदीतल्या ड खाली टिंब दिलं की इंग्रजीत त्याचा आर करायची जुनी सवय आहे. स्कॅनमधे पाहा, ड च्या दोन ओळी (मराठी अन् हिंदी) असतील तर हिंदीच्या ड खाली टिंब असेल.

दुसरं, तो मालडबा. तो मोठ्या लाईनचा आहे, छोट्या लाईनचा डबा एवढा उंच नसतोच. आता नागभीडला मोठी लाईन कुठून आली? नागपूर-नागभीड तर शेवटपर्यंत छोटीच होती, पण नागभीडवरून जाणारी गोंदिया-चांदा फोर्ट लाईन नव्वदच्या दशकात रुंद झाली. त्याच्याआधी दोन्ही लाईनी अडीच फुटी होत्या, एकाच मापाच्या. म्हणजे ९० च्या दिवाळीत नागभीडला हा डबा उभा राहूच शकत नाही, उभा करायला रूळच नव्हते.

तिसरं, 'द पू रे'. २००३ च्या एप्रिलमधे आपल्या या लाईनी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत गेल्या, बिलासपूरच्या. त्यानंतर मधे 'म' आला. आता एप्रिलमधे एका रात्रीत सगळे डबे कोणी रंगवले नाहीत, तेव्हा वर्षभर इकडे तिकडे धरू. तरी फोटो साधारण नव्वदचं दशक संपता संपता ते २००३-०४ या मधला.

आता तुमचे दादा ९० चे. त्या हिशोबानं तेव्हा ते निदान आठ-दहा वर्षांचे असतील. कडेवर कसे?

झाडीपट्टीचा_गडी

नागभीडच आहे, डोळे मिटून सांगतो. पाटीवर आर म्हणजे आमचंच गाव. बाहेरचे लोक तिकीट मागताना अडखळायचे, इंग्रजी वाचणारा नागभीर मागे अन् खिडकीतला त्याला सुधरवे, मराठी मागितलं तं चार्टवर सापडत नव्हतं.

मोठी लाईन झाल्यावर इथे गाडी बदलावी लागे. छोटीतून उतरा, सामान उचला, अन् वडसा-ब्रम्हपुरीकडे नाहीतर सिंदेवाही-मूलकडे जायचं तं मोठीची वाट पाहा. छोटी कधी वेळेवर आली नाही, अन् ज्या दिवशी छोटी लेट त्या दिवशी मोठी बरोबर टायमावर निघून जाये. आम्ही नाटकाच्या सीझनला वडस्याला जात होतो, रात्रभर झाडीपट्टीचं नाटक पाहायचं अन् सकाळी इथे येऊन छोटीच्या बाकड्यावर लंब होऊन जायचं. दिवाळीपासून प्लॅटफॉर्मवर शाली पांघरलेले लोक झोपलेले दिसत, अर्धे पाहुणे, अर्धे नाटकवाले.

ताई तुमच्या आईचं माहेर कुठलं?

वऱ्हाडी_बंडू

शकुंतला नाही म्हणजे, बरं. माघार घेतो. पण आता मला झोप नाही, कडेवर कोण आहे ते सांगा लवकर.

इतवारी_ते_उमरेड

दोन दिवस लिहिलं नाही कारण घरी महाभारत चालू होतं.

झाडीपट्टीभाऊ, आईचं माहेर सिंदेवाही! ती मोतीबागभाऊंचं सगळं वाचून दाखवल्यावर थोडा वेळ चूप बसली अन् मग म्हणे, "नागभीड... हो, मोठी गाडी सुटली होती आमची." मग सगळं निघालं. दिवाळी होती, भाऊबीजेला माहेरी चालले होते, छोटी लेट झाली, मोठी समोरून निघून गेली, अन् पुढच्या गाडीला तीन तास. बाबा चिडून पाटीखाली जाऊन बसले. मामा त्यांना घ्यायला सिंदेवाहीहून आला होता, तो वेळ जावा म्हणून कॅमेरा काढून बसला. मामाला फोन लावला, तो म्हणे कॅमेरा मी नोकरी लागल्यावर घेतला, ९० मधे माझ्याकडे सायकल पण धड नव्हती. आईच्या हिशोबानं २००० ची दिवाळी.

मी २००० च्या फेब्रुवारीतली.

मग दादा कुठे होता? दादा पण होता म्हणे स्टेशनवर, दहा वर्षांचा. मामाजवळ उभा राहून "मला बटण दाबू दे" म्हणून रडत होता, म्हणून तो फोटोत नाही. आता तो म्हणून राहिला की फोटो मीच काढला असेल. मामा म्हणतो अजिबात नाही, याच्या हाती कॅमेरा दिला असता तं पाटी पूर्ण आली असती अन् माणसं कापली गेली असती, इंजिनाचं वेड होतं त्याला.

एवढी वर्षं दादाच का वाटला, तर ते टोपडं. आजीनं दादासाठी विणलेलं, त्याचे बारशातले फोटो आहेत ते घालून, ढिगानं आहेत, साऱ्या अल्बममधे तोच. मग ते टोपडं मामाच्या दोन्ही पोरांनी घातलं, अन् मग मला आलं. माझे लहानपणचे फोटो म्हणाल तं पहिलीतला शाळेचा, त्याच्या आधीचा एक नाही. मी विचारलं की आई म्हणायची, "दुसऱ्या लेकराच्या वेळी कोणाला सुचते ते." आता म्हणते, "हा होता नं मग!"

मोतीबागभाऊ, ड खालचं टिंब पण सापडलं, तुम्ही सांगितल्यासारखं एकाच ओळीत आहे. प्रिंट काढायला दिली, खाली "नागभीड, दिवाळी २०००, झेडडीएम-४ए" एवढंच टाकलं. दोन प्रती सांगितल्या, एक माझ्याकडे.

दादानं डीपी अजून बदलला नाही.